वर ढग आहेत, म्हणजे नेमकं काय?

स्वित्झर्लंडच्या सहलीला निघालेल्या मराठी माणसाच्या कार्यक्रमपत्रिकेत माउंट टिटलिसचा दिवस बहुधा असतोच. सकाळी बस एंगेलबर्ग गावात पोचते, तिथून केबल कारने तीन हजार मीटरवर, मग बर्फात खेळणं, फोटो, जेवण आणि संध्याकाळी परत. हा दिवस कित्येक महिने आधी मुंबई-पुण्यात ठरलेला असतो, आणि त्या दिवशी डोंगरावर हवा कशी असेल हे तेव्हा कोणाला ठाऊक असणं शक्यच नसतं. म्हणून कितीतरी प्रवासी ढगाळ सकाळी खालच्या स्थानकाबाहेर उभे राहून मान वर करतात, डोंगर दिसत नाही म्हणून हिरमुसतात आणि एकमेकांना विचारतात, वर जाण्यात अर्थ आहे का? माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर मान वर करून मिळत नाही. खालून सगळे ढग सारखेच करडे दिसतात, पण आल्प्समधल्या ढगाळ हवेचे निदान तीन अगदी वेगळे प्रकार आहेत. एका प्रकारात वर जाण्यासारखं सुख नाही, दुसऱ्यात सगळं घड्याळावर अवलंबून असतं आणि तिसऱ्यात वर न जाणंच शहाणपणाचं. ढग पाहून दिवस बुडाला असं मानणारा आणि पैसे भरलेत म्हणून डोळे मिटून वर जाणारा, दोघांचंही नुकसान एकाच कारणाने होतं: समोर आहे तो ढग कोणता, हे दोघंही विचारत नाहीत.

आधी जागा समजून घेऊ. एंगेलबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण एक हजार मीटरवर आहे. ११२० साली स्थापन झालेल्या बेनेडिक्टाइन मठाभोवती हे गाव वाढलं, आणि १७४४ मध्ये टिटलिसच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले तेही इथलेच लोक. माथा ३२३८ मीटर उंच आहे. केबल कार जाते ती त्याच्या शेजारच्या क्लाइन टिटलिसवर, तीन हजार मीटरच्या थोडं वर. गावातून छोट्या केबिन आपल्याला सुमारे १८०० मीटरवरच्या ट्रूबझे तळ्यापाशी आणि तिथून पुढे श्टांट या स्थानकावर नेतात. शेवटचा टप्पा मोठ्या गोल केबिनचा. ‘रोटेअर’ नावाची ही केबल कार १९९२ मध्ये सुरू झाली आणि स्वतःभोवती फिरणारी जगातली पहिली केबल कार म्हणून ती ओळखली जाते. पाच मिनिटांच्या चढणीत ती एक पूर्ण फेरी घेते, त्यामुळे कोणत्या खिडकीशी उभं राहायचं यावरून भांडण होत नाही. एकूण हिशेब केला तर माणूस अर्ध्यापाऊण तासात दोन हजार मीटर वर उचलला जातो. आपलं कळसूबाई अगदी समुद्रापासून मोजलं तरी १६४६ मीटर भरतं. हवेच्या इतक्या जाड थरात सगळीकडे एकच हवामान असेल असं गृहीत धरायला काही आधार नाही. खाली राखाडी छत, मध्ये दाट धुकं आणि वर कडक ऊन, किंवा याच्या नेमकं उलट, असं एकाच वेळी एकाच डोंगरावर असू शकतं.

डोंगराला ढग का चिकटतात याचं कारण साधं आहे. हवा वर चढते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. कोरडी हवा दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंशाने थंड होते. एका उंचीवर तिच्यातलं बाष्प तिला वाफेच्या रूपात सांभाळता येत नाही आणि त्याचे थेंब होऊ लागतात. ती उंची म्हणजे ढगाचा तळ. पठारावर वाऱ्याला वर चढायला कारण लागतं; डोंगरात डोंगरच ते कारण असतो. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात जे घडतं तेच इथे घडतं, फरक इतकाच की इथे थेंबांच्या जागी बऱ्याचदा बर्फ असतं. आणि ढगात पाणी असतं तरी किती? एकेक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, आणि एक मीटर लांब, रुंद, उंच अशा ढगाच्या तुकड्यातलं सगळं पाणी गोळा केलं तरी सहसा एक ग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा पाण्यामुळे समोरचा अख्खा पर्वत नाहीसा होतो, कारण ते असंख्य सूक्ष्म थेंबांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. म्हणूनच ढगाची जाडी शे-दीडशे मीटर असो वा तीन किलोमीटर, खालून तो सारखाच अपारदर्शक दिसतो. प्रश्न जाडीचा आहे, आणि जाडी खालून कळत नाही.

पहिला प्रकार धुक्याच्या समुद्राचा. शरद आणि हिवाळ्यात, हवेचा दाब जास्त असताना, आल्प्स आणि जुरा या दोन रांगांच्या मधल्या सखल प्रदेशात रात्रीची थंड, जड हवा साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. नेहमी वर जावं तसं थंड होत जातं. इथे उलट होतं, आणि थंड हवेला वर जायला वाट राहत नाही. त्या साचलेल्या हवेत धुकं धरतं आणि ते दिवसचे दिवस हलत नाही. ल्युसर्न, झुरिक, बर्न ही शहरं अशा वेळी आठवडाभरसुद्धा सूर्य पाहत नाहीत. पण या धुक्याला वरची सीमा असते आणि ती बऱ्याचदा हजार मीटरच्या आतच असते. ल्युसर्न ४३५ मीटरवर, म्हणजे समुद्राच्या तळाशी. एंगेलबर्ग कधी काठावर तर कधी बाहेर. आणि टिटलिस त्याच्या कितीतरी वर. ईशान्येकडून बीझ नावाचा गार वारा सुटला की ही सीमा आणखी वर सरकते, तरी तीन हजार मीटरला ती शिवत नाही. आपल्याकडून दिवाळीच्या सुट्टीत जे लोक स्वित्झर्लंडला जातात ते नेमके या हंगामात तिथे असतात. सकाळी हॉटेलच्या खिडकीतून दहा मीटरपलीकडचं दिसत नाही म्हणून ‘आज डोंगर नको’ असं ठरवणारा प्रवासी त्या वर्षातला कदाचित सर्वांत स्वच्छ दिवस खाली काढतो. वर कडकडीत ऊन असतं, हवा इतकी कोरडी की शंभर किलोमीटरवरची शिखरं मोजता यावीत, आणि पायाखाली पांढऱ्या धुक्याचं सपाट पसरलेलं पात्र, ज्यातून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आलेले. हे दृश्य निरभ्र दिवशी दिसतच नाही. ते पाहायचं तर खाली ढगाळच असावं लागतं.

या धुक्यातून केबिन बाहेर पडते तो क्षण नीट पाहण्याजोगा आहे. आधी काच दुधाळ असते, मग तो दुधाळपणा उजळत जातो, सगळीकडून सारखा प्रकाश येतो, आणि मग काही सेकंदांत वर निळं दिसू लागतं. अशा वेळी सूर्याकडे पाठ करून खालच्या ढगाकडे पाहावं. ढगावर केबिनची सावली पडलेली असते आणि तिच्याभोवती रंगीत वलयं दिसू शकतात. युरोपात या सावलीला जर्मनीतल्या ब्रोकेन पर्वताचं नाव मिळालं. मराठी गिर्यारोहकांना ती वेगळ्या नावाने ठाऊक आहे: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात दिसणारं इंद्रवज्र ते हेच. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये त्याची नोंद केली आहे. ढगातले सूक्ष्म थेंब सूर्यप्रकाश जवळजवळ आलेल्याच दिशेने परत फेकतात, त्यामुळे वलयांचं केंद्र पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीशी असतं. कड्यावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांना आपापल्या डोक्याभोवतीचंच तेजोवलय दिसतं. चार्ल्स विल्सन हा तरुण स्कॉटिश शास्त्रज्ञ १८९४ च्या सप्टेंबरमध्ये बेन नेव्हिस पर्वतावरच्या वेधशाळेत होता. ढगावर पडणारी ही वलयं पाहून तो इतका भारावला की प्रयोगशाळेत कृत्रिम ढग तयार करून त्यांचा अभ्यास करावा असं त्याच्या मनाने घेतलं. त्या खटाटोपातून मेघपेटी जन्माला आली, जिच्यात किरणोत्सारी कणांचा मार्ग डोळ्यांना दिसू लागला. १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं ते याच उपकरणासाठी. ढगाळ डोंगरमाथ्यावर पाहण्यासारखं काही नसतं, असं म्हणणाऱ्याने विल्सनचं हे उदाहरण तरी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रकार उन्हाळ्यातला, म्हणजे आपल्या मे-जूनच्या सुट्टीतला. इथे रात्र निरभ्र असते, पहाटही. सूर्य वर आला की पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे उतार तापतात. उताराला चिकटलेली हवा त्याच उंचीवरच्या मोकळ्या हवेपेक्षा गरम होते आणि उतारावरून वर सरकू लागते. दरीतला ओलावा, गवताचा, जंगलाचा, वितळत्या बर्फाचा, तिच्याबरोबर वर जातो. साडेदहा-अकराच्या सुमारास शिखराशेजारी कापसाचा एखादा पुंजका दिसतो. बारापर्यंत तो वाढतो, दुपारी शिखर त्यात बुडतं आणि संध्याकाळकडे कधीकधी गडगडाट होऊन पाऊस येतो. रात्री सगळं पुन्हा स्वच्छ. हे चक्र चांगल्या हवेचं लक्षण आहे, बिघडलेल्या हवेचं नाही, आणि त्यात ढगापेक्षा आपली वेळ जास्त महत्त्वाची ठरते. साडेआठ-नऊच्या फेरीने गेलेल्या माणसाला सबंध आल्प्स दिसतो. सावकाश नाश्ता करून, वाटेत खरेदीला थांबून अकरा-बाराला पोचलेला त्याच डोंगरावर, त्याच दिवशी, पांढऱ्या भिंतीसमोर उभा असतो आणि नशिबाला बोल लावतो. नशिबाचा इथे संबंध नाही. ज्या सहलीत उन्हाळ्याच्या दिवसांत डोंगर दुपारी ठेवलेला असतो, त्या सहलीचा आराखडा करताना एक साधी गोष्ट पाहिली गेलेली नाही.

तिसरा प्रकार मोठ्या हवामानाचा. अटलांटिकवरून येणारी कमी दाबाची प्रणाली आल्प्सवर आदळते तेव्हा ढग दरीपासून सात-आठ किलोमीटर उंचीपर्यंत थरांवर थर असे भरलेले असतात. अशा दिवशी तीन हजार मीटरवर गेलं तरी आपण ढगाच्या मध्यातच असतो, आणि वर वारा, हिमवर्षाव, सावली नसलेला सपाट पांढरा उजेड. बर्फ आणि आकाश यांची सीमा पुसली जाते, पुढचं पाऊल चढावर पडतंय की उतारावर हे कळत नाही. यातही सौंदर्य शोधावं असं मी म्हणणार नाही. ज्याला देखावा पाहायचा आहे त्याने अशा दिवशी वर जाऊ नये, आणि जाण्याचा आग्रह धरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगावं.

खालचं आकाश किती फसवं असतं याचा सर्वांत ठोस पुरावा याच्या उलट दिशेने मिळतो. भूगोलाच्या पुस्तकातले फॉन वारे आठवत असतील. दक्षिणेकडून आलेली ओली हवा आल्प्स चढते, इटलीच्या बाजूला पाऊस टाकते आणि उत्तरेकडच्या दऱ्यांत कोरडी, उबदार होऊन वेगाने कोसळते. सह्याद्री ओलांडल्यावर पर्जन्यछाया लागते, त्याचंच हे अधिक उग्र रूप. फॉन सुटलेल्या दिवशी उत्तरेकडच्या गावांत निळं आकाश असतं, हवा इतकी स्वच्छ की डोंगर हाताच्या अंतरावर वाटतात, आणि नेमकी त्याच दिवशी वरची केबल कार बंद असते, कारण माथ्यावर वादळी वारा असतो. म्हणजे खाली ढग आणि वर ऊन हे जसं होतं, तसंच खाली ऊन आणि वर जायला बंदी हेही होतं. खालून दिसणाऱ्या रंगावर भरवसा ठेवणारा दोन्हीकडे फसतो.

डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हे ठाऊक होतं. ल्युसर्नच्या डोक्यावर उभ्या असलेल्या पिलाटस पर्वताबद्दल तिथे एक म्हण आहे. पिलाटसने टोपी घातली, म्हणजे माथ्यावर छोटासा ढग बसला, तर हवा चांगली राहणार. आणि त्याने तलवार लावली, म्हणजे कड्याला आडवा लांब ढग लागला, तर पाऊस येणार. ढग आहे की नाही एवढंच न पाहता त्याचा आकार आणि जागा पाहायची, हे शेतकऱ्याला पंचांगाइतकंच उपयोगी होतं. याच पर्वताची दुसरी बाजूही सांगण्यासारखी आहे. येशूला सुळावर चढवण्याचा हुकूम देणारा पाँटियस पिलाट इथल्या तळ्यात पुरला आहे आणि त्याला कोणी डिवचलं की तो वादळ उठवतो, अशी समजूत मध्ययुगात होती. १३८७ मध्ये सहा धर्मगुरूंनी परवानगीशिवाय तिकडे जायचा प्रयत्न केला म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. १५५५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेसनर रीतसर परवानगी घेऊन वर गेला आणि डोंगर चढण्याच्या आनंदावर त्याने लिहिलं. १५८५ मध्ये ल्युसर्नच्या धर्मगुरूने लोकांसमक्ष तळ्यात दगड टाकून दाखवले. वादळ आलं नाही. १८८९ मध्ये तिथे दातेरी रुळांची रेल्वे धावू लागली आणि आज कोणीही तिकीट काढून जातो. भीती गेली, हे उत्तमच झालं. तिच्याबरोबर ढगाकडे निरखून पाहण्याची सवयही गेली, याचं मला वाईट वाटतं.

आता आक्षेप. पहिला सुरक्षिततेचा: काही दिसत नसताना दोरावर लटकत वर जाणं धोक्याचं नाही का? हे काळजीपूर्वक समजून घेतलं पाहिजे, कारण बरोबरचे वयस्कर लोक याच भीतीने खाली थांबतात. रोटेअरसारख्या केबल कारमध्ये दोन केबिन असतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, म्हणजे एकीचं वजन दुसरी तोलून धरते. रायगडच्या रोपवेमागेही हेच तत्त्व आहे. केबिनची चाकं ज्यावरून धावतात तो जाड दोर जागेवर ताणलेला असतो, आणि केबिनला ओढणारा दोर वेगळा. चालवणाऱ्याला समोरचं दिसायची गरज नसते. दोर किती सरकला यावरून केबिन कुठे आहे हे यंत्रणेला कायम कळत असतं. खांबांवर वारा मोजणारी उपकरणं असतात. वारा वाढला की आधी वेग कमी केला जातो आणि मर्यादा ओलांडली की फेऱ्या थांबतात. विजांच्या वेळीही त्या थांबतात. थोडक्यात, केबल कार अडते ती वाऱ्याने किंवा विजांनी. नुसत्या ढगाने नव्हे. खांबावरून जाताना केबिन हलकासा झोका घेते आणि आत एकच आवाज उठतो. तो झोका निरभ्र दिवशीही तितकाच असतो, फक्त ढगात तो आधी दिसत नाही म्हणून दचकायला होतं. अपघात झालेच नाहीत असं मात्र नाही. २०२१ च्या मे महिन्यात इटलीत मोत्तारोने पर्वतावर ओढणारा दोर तुटून केबिन कोसळली आणि १४ जण दगावले. तिथला आपत्कालीन ब्रेक निकामी करून ठेवलेला होता. त्या दुर्घटनेत ढगाचा काही हात नव्हता. देखभालीतल्या अक्षम्य हलगर्जीपणाचा होता. भीतीचं खरं कारण तिथे आहे.

दुसरा आक्षेप असा की सहलीला गेलेल्या माणसाने हवामानशास्त्राचा अभ्यास करायचा का? अभ्यास नको, दोन सवयी पुरतात. पहिली, आदल्या संध्याकाळी स्विस हवामान खात्याचा अंदाज पाहणं. दुसऱ्या दिवशीच्या हवेचा अंदाज आज पुष्कळ विश्वासार्ह असतो. तो चुकतो तो बहुतेक वेळा तपशिलात, म्हणजे गडगडाट नेमका कोणत्या दरीत होईल यात. दुसरी सवय, सकाळी डोंगरावरचे थेट कॅमेरे पाहणं. टिटलिसचे असे कॅमेरे वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि त्यांची चित्रं मोबाइलवर फुकट दिसतात. स्थानकांवरच्या पडद्यांवरही ती चालू असतात. तळाचा कॅमेरा राखाडी आणि माथ्याचा निळा असेल तर धुक्याचा समुद्र आहे, लगेच निघावं. सगळे निळे असतील तर घाई करावी, कारण दुपारी चित्र पालटेल. सगळेच पांढरे असतील आणि अंदाजही दिवसभर पावसाचा असेल तर दुसरं काही पाहावं. या तीन निष्कर्षांना दोन मिनिटं लागतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला झटकून टाकणं अन्यायाचं होईल. वर जाऊन येण्याच्या तिकिटाला शंभर फ्रँकच्या आसपास पडतात, वर ढग निघाले म्हणून सहसा पैसे परत मिळत नाहीत, आणि निवृत्तीनंतर आयुष्यात एकदाच आलेल्या जोडप्याला ‘उद्या या’ असं सांगता येत नाही. त्यांनी काय करावं? माझ्या मते त्यांच्यासाठी मधली स्थानकं आहेत, ज्यांचा विचार गटाच्या सहलीत क्वचितच होतो. ढगाचा तळ अनेकदा दोन हजार मीटरच्या वर असतो. अशा दिवशी माथा गुडूप असतो, पण १८०० मीटरवरचं ट्रूबझे तळं मोकळं असतं: शांत पाणी, काठाने सपाट पायवाट, वरच्या कड्यांवरून उतरणारे पाण्याचे ओघळ, आणि ढगाची खालची कड कड्यावर घासत सरकताना अगदी जवळून दिसते. तिथपर्यंतचं तिकीट स्वस्त पडतं, हवा माथ्याइतकी विरळ नसते, उन्हाळ्यात चालायला बर्फ नसतं. जे माथ्यावर जाऊन काहीच न पाहता परततात, त्यांनी या तळ्याकाठी दीड तास घालवला असता तर त्यांना आल्प्स भेटला असता.

आणि तिकीट आधीच काढलेलं असेल, वर जायचंच असेल, तर ढगातही डोळे उघडे ठेवण्यासारखं काही आहे. मात्र ते लांबचं नसतं. हाताच्या अंतरावरचं असतं. क्लाइन टिटलिसवर २०१२ च्या डिसेंबरमध्ये खुला झालेला झुलता पूल आहे, ३०४१ मीटरवर, जेमतेम मीटरभर रुंद, खाली पाचशे मीटरची खोली. ढगात ती खोली दिसत नाही. पण पुलाच्या तारा पाहा. ढगातले थेंब शून्याच्या खाली कित्येक अंश गेले तरी द्रवच राहू शकतात. त्यांना गोठायला काहीतरी टेकण लागतं. वाऱ्याबरोबर येऊन ते तारेवर आपटतात आणि तिथेच बर्फ होतात. एकावर एक असे साचत त्यांचे पांढरे, पिसासारखे काटे तयार होतात, आणि गंमत अशी की ते वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून वाढतात, कारण नवे थेंब तिकडूनच येत असतात. वारा रात्रभर कुठून वाहत होता हे त्या काट्यांवरून कोणालाही सांगता येतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे दाखवावं; शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यांशेजारी फोटो काढून झाल्यावरही त्याला वेळ उरतो.

त्याच माथ्यावरची हिमनदी तर ढगांशिवाय समजतच नाही. आपण ज्यावर खेळतो तो बर्फ ढगांनीच वर्षानुवर्षं आणून ठेवलेला आहे. उन्हाळ्यात नवा हिम पडला तर तो ८०-९० टक्के सूर्यप्रकाश परावर्तित करतो. उघडा पडलेला जुना, मळका बर्फ त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून ज्या उन्हाळ्यात आकाश सतत निरभ्र असतं आणि हिम पडत नाही, तो उन्हाळा पर्यटकाला सुखाचा आणि हिमनदीला जीवघेणा. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फापैकी सुमारे दहा टक्के गमावला. टिटलिसवर उन्हाळ्यात बर्फाच्या काही भागांवर पांढरं कापड पांघरतात, वितळणं थोडं तरी लांबावं म्हणून. हे माहीत असलेल्या माणसाला माथ्यावर हिमवर्षाव होत असल्याचा राग येणं अवघड आहे.

शरीराबद्दल एक गोष्ट थोडक्यात. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच असतो आणि तिथे आपण अर्ध्यापाऊण तासात पोचतो, त्यामुळे हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं आणि वर पळापळ करू नये. ढग आहेत म्हणून गॉगल खाली ठेवू नये. पातळ ढगातून अतिनील किरण बरेच येतात आणि ताजा हिम ते पुन्हा चेहऱ्यावर फेकतो.

राहता राहिला सहल आखणाऱ्यांचा प्रश्न, आणि माझा खरा आग्रह तिथेच आहे. पस्तीस-चाळीस जणांचा गट, बस, आगाऊ आरक्षणं हे सगळं सांभाळणं सोपं नाही, हे मान्य. तरी बहुतेक गट मध्य स्वित्झर्लंडमध्ये दोन-तीन रात्री राहतात, आणि त्यांच्या कार्यक्रमात डोंगराच्या दिवसाबरोबर ल्युसर्नमधला एक दिवस असतोच: जुना लाकडी पूल, सरोवरातली बोट, दुकानं. हा दुसरा दिवस ढगाळ हवेतही चांगला जातो. या दोन दिवसांची अदलाबदल आदल्या रात्री करता येईल अशी सोय बसवाल्याशी आणि केबल कारच्या गट-आरक्षणात आधीच करून ठेवली, तर खर्च फारसा वाढत नाही आणि डोंगर दिसण्याची शक्यता मात्र पुष्कळ वाढते. ही मागणी प्रवाशांकडून आली तरच आखणारे तसा बदल करतील. सहलीचे पैसे भरताना हॉटेल किती तारांकित आहे आणि जेवणात वरण-भात मिळेल का, हे आपण विचारतोच. त्याच वेळी विचारावं की टिटलिसचा दिवस हवा पाहून बदलता येतो का, तो निर्णय कोण आणि किती वाजता घेतं, आणि पहिली फेरी गाठायला बस हॉटेलमधून सकाळी सातला निघेल का.